संग्रहालयातील खेळमेळावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील, तसेच सीमेपलीकडील चंदगड-गडहिंग्लजमधील कुटुंबांकडून संग्रहालयाच्या खेळमेळाव्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे आम्ही स्वयंसेवकांनी येथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे दोन ओळींत संपतात, तर काही लांबली आहेत. लांबलेली उत्तरे वाचूनच यावे, अशी विनंती आहे. कारण दाराशी होणारे बहुतेक गैरसमज त्याच बाबींवरून होतात.

खेळमेळावा म्हणजे नेमके काय असते?

सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास संग्रहालयाच्या ओसरीवर आणि अंगणात सतरंज्या अंथरल्या जातात. त्यांवर पट, कवड्या, सोंगट्या, सागरगोटे, चिंचोके असे साहित्य मांडलेले असते आणि येणाऱ्याने हव्या त्या बैठकीवर बसून खेळायला लागावे, एवढीच अपेक्षा असते. ही स्पर्धा नाही. बक्षिसे, व्यासपीठ, हारतुरे, प्रमुख पाहुण्यांचे भाषण यांपैकी काहीही नसते. दर अर्ध्या तासाने एक स्वयंसेवक दहा-बारा जणांना आतल्या दालनात नेऊन आपण बाहेर जो खेळ खेळत होतो त्याचा जुना पट किंवा जुन्या सोंगट्या दाखवतो. संध्याकाळी उजेड कमी होऊ लागला की साहित्य मोजून आवरले जाते.

संग्रहालय हे शांतपणे पाहण्याचे ठिकाण आहे. तेथे खेळ कशासाठी?

हा प्रश्न बहुधा ज्येष्ठ मंडळी विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर संग्रहातील अडचणीत आहे. आमच्यासारख्या छोट्या संग्रहालयात वाड्यांमधून आणि घरांमधून आलेल्या वस्तू असतात. त्यांची लांबी-रुंदी, लाकूड, धातू, दात्याचे गाव हे सारे नोंदवहीत लिहिलेले असते. परंतु एखाद्या कापडी पटावर किती सोंगट्या लागत, दान कसे मोजत, कोणत्या घरात सोंगटी मारता येत नसे, हे त्या पटावर कोठेही लिहिलेले नसते. ते ज्ञान सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसांच्या हातात आहे. अशा माणसांना समोर बसवून प्रश्नावली भरून घेऊ लागलो, तर ‘आता काही आठवत नाही’ एवढेच उत्तर मिळते. मात्र त्यांच्या हातात कवड्या दिल्या आणि समोर चुकीचे खेळणारा नातू बसवला, की नियम आपोआप बाहेर पडतात. मेळावा भरवण्यामागचे खरे कारण हे आहे, आणि ते आम्ही लपवत नाही : येणाऱ्यांना आम्ही जेवढे देतो, त्याहून अधिक त्यांच्याकडून घेतो.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली, तीत शिक्षणाबरोबर आनंदाचा आणि स्थानिक समाजाच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने तर दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी, खेळणी अशा रोजच्या वापरातील वस्तू जपून घराघरातील कारागिरीला संग्रहालयात मानाचे स्थान मिळवून दिले. तेव्हा चिंचोके आणि सागरगोटे संग्रहालयात शोभत नाहीत, असे म्हणण्याचे आता कारण उरलेले नाही.

कोणकोणते खेळ असतात?

पटावरच्या खेळांत सारीपाट, नवकंकरी, वाघ-बकरी आणि चल्लस आठ हे नेहमी असतात. अळगुळी मणे म्हणून ओळखला जाणारा, दोन ओळींत सात-सात खळगे असलेला लाकडी पाट कन्नड कुटुंबांमुळे आमच्याकडे आला आणि आता मराठी मुलेच त्यावर अधिक बसतात. अंगणात लगोरी, भोवरा आणि गोट्या असतात; विटीदांडू मात्र काचेच्या खिडक्यांमुळे कायमचा वगळला आहे.

गर्दी सर्वाधिक होते ती चल्लस आठपाशी. याच खेळाला काही घरांत अष्टाचम्मा म्हणतात, तर कन्नडमध्ये चौकाभारा. पाच बाय पाच घरांचा पट खडूने फरशीवर काढला तरी पुरतो. चारही बाजूंची मधली घरे आणि केंद्रातील घर यांवर फुली असते; फुलीच्या घरात बसलेल्या सोंगटीला कोणी मारू शकत नाही. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितके दान, चारही उताण्या पडल्या तर चार, आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळते. सोंगट्या बाहेरच्या सोळा घरांतून एका दिशेने फिरतात, नंतर आतल्या आठ घरांतून उलट दिशेने, आणि मग मधल्या घरात पोहोचतात. येथपर्यंत सर्वांचे एकमत असते. प्रतिपक्षाची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येते की नाही, यावर मात्र दर मेळाव्यात वाद होतो. लागोपाठ तीनदा आठ पडल्यास ते दान जळते की नाही, यावरही होतो. आम्ही त्यात निवाडा करत नाही. कोणत्या गावचा माणूस कोणता नियम सांगतो, हे लिहून घेतो.

कवड्या नसतील तर चिंचोक्यांवर काम भागते. चिंचोका खरखरीत दगडावर घासून एका बाजूने सपाट केला की आतला पांढरा गर दिसू लागतो. पांढरी बाजू वर पडली तर उताणे, काळी पडली तर पालथे. ओसरीच्या एका कोपऱ्यात यासाठी जुनी पाथरी ठेवलेली आहे. मोबाइल हातातून न सोडणारी मुलेसुद्धा तेथे बोटे दुखेपर्यंत घासत बसलेली दिसतात.

खेळ ऋतूप्रमाणे बदलतात, हेही लक्षात असू द्यावे. मे महिन्यात पटावरचे खेळ आणि सागरगोटे असतात. श्रावणात नागपंचमीचा झोका, फुगडी, झिम्मा आणि मंगळागौरीचे खेळ येतात. आश्विनात हादग्याचा फेर धरला जातो आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा कार्यक्रम होतो. खिरापतीचा डबा वाजवून आत काय आहे ते ओळखण्यात पुरुषमंडळीही आता उत्साहाने भाग घेतात. त्यांचे अंदाज बहुधा चुकतात.

आतील जुन्या वस्तू हाताळता किंवा त्यांनी खेळता येतील का?

नाही. खेळण्यासाठी ठेवलेले सारे साहित्य नवे किंवा प्रतिकृती स्वरूपाचे असते. या नियमाला संग्रहालयाच्या हितचिंतकांसाठीही अपवाद नाही, आणि त्यावरूनच सर्वाधिक नाराजी होत असल्याने कारण सविस्तर सांगतो.

गंजिफांचेच उदाहरण घ्यावे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने असतात. मोगल पद्धतीच्या संचात आठ रंगांची ९६ पाने असतात. आपला भाग या कलेच्या दोन परंपरांच्या मधोमध आहे. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी लागते, जेथे भोसले राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी केली; आणि दक्षिणेला म्हैसूर, जेथे मुम्मडी कृष्णराज वडेयर यांनी एकोणिसाव्या शतकात तिला आश्रय दिला. ही पाने कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर रंग देऊन आणि लाखेचा लेप चढवून करतात. खळ, कागद, कापड हे सारे कसरीचे आणि झुरळांचे खाद्य. बोटांवरील घाम आणि तेल लेपावर राहते, त्यावर धूळ बसते आणि आपल्याकडील पावसाळ्यात, जेव्हा आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा नेमकी त्याच जागी बुरशी धरते. प्रकाशाचेही तसेच आहे. कागद, कापड आणि जलरंग यांसाठी साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) इतकाच मंद प्रकाश सुरक्षित मानला जातो, म्हणूनच ते दालन अंधारलेले वाटते. तेथील बल्ब गेलेला नसतो.

प्रतिकृती गंजिफेने मात्र मनसोक्त खेळावे. तिच्यात एक गंमत आहे : दिवसा खेळताना ज्याच्याकडे रामाचा राजा आला असेल त्याने उतारी करायची, आणि रात्री कृष्णाचा राजा असणाऱ्याने. शिवाय निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का मोठा. साध्या पत्त्यांत मुरलेल्या खेळाडूंची येथे पहिल्या डावात तारांबळ उडते. कोणता रंग कोणत्या गटात, याचा तक्ता बैठकीशेजारी लावलेला आहे.

मला यांपैकी एकही खेळ येत नाही. तरी यावे का?

अवश्य यावे. प्रत्येक बैठकीवर खेळ जाणणारी एक व्यक्ती असते. नवख्याने आधी एक डाव पाहावा, मग बसावे. पाहताना बाहेरून चाली सुचवू नयेत, हा सर्वत्र असतो तो नियम येथेही आहे.

आजी-आजोबांना घेऊन आले तर त्यांची सोय होईल का?

त्यांना घेऊन यावे, असा आमचा आग्रहच आहे. मांडी घालून बसणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी उंच चौरंगांवर पट मांडलेले असतात आणि पाठ असलेल्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. सागरगोटे मात्र खुर्चीत बसून झेलता येत नाहीत. त्यासाठी एका भिंतीलगत जाड गादीची बैठक आहे. मुख्य दाराला तीन पायऱ्या आहेत, परंतु बाजूच्या फाटकातून चाकांची खुर्ची सरळ अंगणात येते. जिना चढावा लागणाऱ्या वरच्या दालनातील काही वस्तू मेळाव्याच्या दिवशी काचेच्या पेटीत खाली आणून ठेवल्या जातात. ऐकू कमी येणाऱ्यांनी आतल्या खोलीतील बैठक निवडावी, कारण अंगणात लगोरीचा गलका असतो.

त्यांच्याशी बोलताना एक स्वयंसेवक वहीत टिपण करील किंवा परवानगी असल्यास आवाज ध्वनिमुद्रित करील. माहेरचे गाव, खेळ कोणाकडून शिकला, कोणत्या सणाला खेळत असत, एवढेच विचारले जाते. नाव नोंदवायचे की नाही, हे त्यांनी ठरवायचे. बऱ्याच आजी ‘माझं काय लिहून घेताय’ म्हणून संकोचतात. अशा वेळी नातेवाइकांनी त्यांच्या वतीने उत्तरे देऊ नयेत, थोडा वेळ जाऊ द्यावा.

किती लहान मुलांना आणता येईल?

वयाची अट नाही. तीन वर्षांखालील मुलांना मात्र सागरगोटे, कवड्या आणि चिंचोके यांच्या बैठकीपासून दूर ठेवावे, कारण मुले अशा वस्तू तोंडात घालतात आणि त्या घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी मोठ्या लाकडी खेळण्यांचा कोपरा वेगळा आहे. गोकाकची रंगीत लाकडी फळे आणि भाज्या तेथे ठेवलेल्या आहेत. त्याही खाण्याचा प्रयत्न होतोच, पण त्या आकाराने मोठ्या आहेत. दहा वर्षांखालील मुलांसोबत घरातील मोठे माणूस असणे आवश्यक आहे. मुलांना फाटकाशी सोडून बाजारात जाऊन येऊ नये.

कार्यक्रम कोणत्या भाषेत चालतो?

मराठी आणि कन्नड दोन्हींत, आणि कोकणी किंवा उर्दू बोलणारे कुटुंब बसले तर त्यांच्या भाषेतही. वस्तूंजवळचे फलक मराठी व कन्नडमध्ये आहेत. आपल्या भागात एकाच गल्लीतल्या मुली एकाच अंगणात दोन भाषांतली गाणी म्हणत खेळल्या, त्यामुळे खेळाची नोंद एका भाषेत केली तर ती अपुरी राहते. सांगणाऱ्याने ज्या भाषेत सांगितले त्याच भाषेत आम्ही ते उतरवतो.

याच प्रश्नाला जोडून काहीजण सीमाप्रश्नाविषयी विचारतात. त्यावर प्रत्येकाचे मत असणे स्वाभाविक आहे आणि ते मांडण्याची ठिकाणे शहरात आहेत. मेळाव्याच्या आवारात कोणत्याही पक्षाचा किंवा संघटनेचा झेंडा, फलक, गळपट्टा आणू नये आणि घोषणा देऊ नयेत. हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे.

शुल्क आणि नोंदणी?

शुल्क नाही. एकट्या कुटुंबाने नोंदणी न करता यावे. दहापेक्षा अधिक जणांच्या गटाने आधी कळवावे.

मेळावा कधी भरतो, आणि पाऊस आला तर काय होते?

वर्षातील मुख्य मेळावा १८ मे या आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाच्या आसपासच्या रविवारी असतो. त्या सुमारास शाळांना सुट्टी असते आणि पुण्या-मुंबईकडची, कोल्हापूरकडची नातवंडे आजोळी आलेली असतात. अडचण एकच : मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळीव येतो. आभाळ भरून आले की अंगणातील खेळ थांबवून सर्वांना ओसरीवर घेतले जाते आणि कापडी पट सर्वांत आधी गुंडाळले जातात. ओल्या शहाबादी फरशीवर फुगडी घालू दिली जात नाही. कितीही आग्रह झाला, तरी नाही. श्रावणातील मेळावा पूर्णपणे छपराखाली होतो. बेळगावचा पाऊस ठाऊक असणाऱ्यांना याचे कारण सांगण्याची गरज नाही.

बाहेरगावाहून बसने यायचे आहे. काही सवलत मिळते का?

कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्य परिवहनाच्या साध्या बसमध्ये राज्यांतर्गत प्रवास विनामूल्य आहे. पत्त्याचा पुरावा असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे, परंतु ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच मिळते. त्यामुळे चंदगड किंवा गडहिंग्लजहून येणाऱ्या भगिनींनी हद्दीपुढील टप्प्याचे पूर्ण भाडे धरूनच निघावे. परतीची गाडी चुकू नये म्हणून लांबून आलेल्यांनी डाव अर्धा सोडून उठले तरी कोणी वाईट वाटून घेत नाही.

खाण्याचे पदार्थ आणता येतील का?

अंगणात चालतील, ओसरीवर आणि दालनात नाहीत. चुरमुरे व भडंग सांडतात, त्यामागे मुंग्या येतात, मुंग्यांमागे पाली, आणि उंदीर एकदा शिरला की तो कागद आणि कापड यांत भेद करत नाही. कुंदा आणणाऱ्यांचे स्वागत आहे, मात्र तो खाऊन हात धुतल्याशिवाय पटाला हात लावू नये. तुपाचा डाग कापडातून निघत नाही. पिण्याचे पाणी आणि हात धुण्यासाठी नळ फाटकाजवळ आहे.

छायाचित्रे काढता येतात का?

अंगणात आणि ओसरीवर काढता येतात. दालनात फ्लॅश बंद ठेवावा. दुसऱ्यांच्या मुलांचे चित्रीकरण त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय करू नये आणि समाजमाध्यमांवर टाकू नये. खेळताना रमलेल्या वृद्ध स्त्रियांनाही विचारावे; त्यांना विचारण्याचे भान पुष्कळांना राहत नाही.

आमच्या घरी जुना सारीपाट, फासे, भातुकली आहे. ती घेऊन येऊ का, आणि संग्रहालय ती ठेवून घेईल का?

दाखवण्यासाठी जरूर आणावी. वस्तू आणताना सुती कापडात गुंडाळावी; प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा धरतो. मळलेली वाटली तरी ती चिंच, राख किंवा पितांबरी लावून चकचकीत करून आणू नये. पितळेवरील काळपटपणा आणि लाकडावरील हातांचा तुकतुकीतपणा यांतून वस्तू कशी वापरली गेली ते कळते. घासल्यावर ते कळण्याचा मार्ग उरत नाही.

ठेवून घेण्याचा निर्णय मेळाव्याच्या दिवशी घेतला जात नाही. खेळाच्या उत्साहात दिलेली वस्तू पुढे घरात वादाचे कारण होते, हा अनुभव छोट्या संग्रहालयांना नवा नाही. वस्तू कायमची देणगी म्हणून द्यायची आहे की ठरावीक मुदतीसाठी ठेव म्हणून, हे लेखी ठरवावे लागते आणि घरातील इतर वारसांची संमती असावी लागते. संग्रहालयाने स्वीकारलेल्या प्रत्येक वस्तूची पावती मिळते. पावती न घेता कोठेही वस्तू देऊ नये. पुष्कळदा आम्ही वस्तूचे छायाचित्र, मोजमाप आणि आठवण नोंदवून घेऊन ती परत घरीच जपण्याचा सल्ला देतो. आमच्या मते ज्या घरात अजून खेळला जातो, त्या घरातून पट हलवू नये.

वस्तू फार जुनी असेल तर कायदाही लक्षात घ्यावा. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते, आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मुदत पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू घरी असणे हा गुन्हा नाही. तिच्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, व्यापारासाठी परवाना लागतो आणि ती परदेशी नेता येत नाही. ‘जुन्याला चांगला भाव देतो’ म्हणत दारोदार फिरणाऱ्यांना नकार देण्यास एवढी माहिती पुरे आहे.

शेतात नांगरताना मणी, नाणी किंवा खापरे सापडली आहेत. मेळाव्यात आणून दाखवावीत का?

नाणी, दागिने किंवा मोलाच्या वस्तू सापडल्या असतील तर त्या संग्रहालयात आणण्याआधी तहसीलदार कचेरीत कळवाव्या. जमिनीत सापडलेल्या निधीची खबर शासनाला देणे बंधनकारक आहे. कर्नाटकात त्यासाठी राज्याचा १९६२ चा आणि महाराष्ट्रात १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे. खापरांच्या बाबतीत ती जागची न हलवता छायाचित्र काढून आणावे, कारण वस्तू कोठे आणि किती खोलीवर होती यावरच तिचा काळ ठरवण्याची भिस्त असते. बेळगावच्या वडगाव-माधवपूर भागात उत्खनन होऊन सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली, तेव्हा आपल्या शिवारातील खापराला कमी लेखू नये. तेथे जाऊन हौसेने उकरू मात्र नये.

आमच्या गावच्या देवळाच्या फरशीवर नवकंकरीसारखा पट कोरलेला आहे. तो किती जुना असेल?

हंपीपासून सह्याद्रीतील किल्ल्यांपर्यंत असे कोरीव पट जागोजागी आढळतात. देवळाचे वय मात्र पटाला चिकटवता येत नाही. बाराव्या शतकातील मंदिराच्या ओट्यावर गेल्या शतकातील गुराख्यानेही तो कोरलेला असू शकतो. दगड बसवण्याआधीच तो कोरला होता का, हे कधीकधी जागेवरून कळते : पटाचा भाग भिंतीखाली गेला असेल, किंवा दगड उभा बसवला असेल आणि तेथे बसून खेळणेच अशक्य असेल, तर पट बांधकामाआधीचा असण्याची शक्यता वाढते. रेषा दिसाव्या म्हणून त्यांत तेल, हळद, खडू किंवा रंग भरू नये. सकाळी लवकर किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात छायाचित्र घेतले की रेषा आपोआप उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवावी. असे छायाचित्र आणणाऱ्यास मेळाव्यात त्याच आकाराचा पट खडूने काढून खेळायला बसवले जाते.

पैज लावून खेळता येते का?

नाही, पैशांची नाही, मोबाइल रिचार्जची नाही आणि चहाचीही नाही.

शाळेची सहल आणायची आहे. काय तयारी करावी?

एका वेळी चाळीसपेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत आणि दर दहा जणांमागे एक शिक्षक असावा. मराठी आणि कन्नड माध्यमाच्या शाळा एकाच दिवशी आल्या तर आम्हाला अधिक आनंद होतो, कारण तेव्हा मुले एकमेकांना नियम हातवाऱ्यांनी समजावतात आणि तो देखावा पाहण्यासारखा असतो. सहलीआधी प्रत्येक मुलाने घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणचा एक खेळ विचारून त्याचे नियम अर्ध्या पानावर लिहून आणावे. छापील प्रश्नपत्रिका देऊन वस्तूंची नावे भरून घेण्याची पद्धत कृपया टाळावी. मुले वस्तू पाहतच नाहीत, फलकावरून शब्द उतरवतात.

त्याच दिवशी आणखी काही पाहता येईल का?

बेळगावात असाल तर सकाळी किल्ल्यातील १२०४ ची कमल बस्ती (जैन मंदिर) पाहून दुपारी मेळाव्याला येता येते. टिळकवाडीतील वीरसौध आणि काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनाची आठवण आहे. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले काँग्रेसचे ते एकमेव अधिवेशन. कित्तूरच्या किल्ल्यातील शासकीय संग्रहालयासाठी स्वतंत्र दिवस काढावा, घाईने ते होत नाही. निपाणीमार्गे कोल्हापूरकडे परतणाऱ्यांना वाटेत कणेरीच्या मठातील ग्रामजीवनाची शिल्पे पाहता येतील.

घरी परतल्यावर आजीला आणखी काही आठवले तर ते कसे कळवावे?

हे नेहमीच होते. सायंकाळी घरी जाऊन भाकरी खाताना निम्मे नियम आठवतात. निघताना फाटकाशी प्रत्येक कुटुंबाला संग्रहालयाचा पत्ता छापलेले कोरे कार्ड दिले जाते. त्यावर खेळाचे नाव, खेळणाऱ्यांची संख्या, आठवलेला नियम किंवा गाण्याची ओळ, आणि तो खेळ जेथे खेळला जाई त्या गावाचे व तालुक्याचे नाव लिहावे. गाणे अपुरे असले तरी चालेल. दुसऱ्या गावच्या कार्डावर पुढची ओळ सापडते. भाषा आणि शुद्धलेखन यांची काळजी करू नये, आजी जसे म्हणाली तसेच लिहावे. कार्ड टपालाने पाठवता येते, किंवा बेळगावकडे येणाऱ्या कोणाहीजवळ देता येते.